बरी हाय

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. महादेवाचं नाव घेऊन अठ्ठ्याण्णव सालातली एका लेकाची गोष्ट सांगतो.

शिवाजी पेठेतल्या आपल्या घराच्या उंबऱ्यात शशिधर उभा होता आणि त्याची आई शिवगंगाबाई त्याच्याकडेच तोंड करून विचारत होती, "कोण हाय?"

"अव्वा, मी शशी."

"शशी? मग चोरागत का उभा हाईस, मुडद्या!"

सहा वर्षांनी लेक आला होता, आणि आईचे दोन्ही डोळे विझले होते. बंगळूरहून तो दर सोमवारी शेजारच्या अंबूबाईकडे फोन करी. "अव्वा कशी हाय?" विचारलं की उत्तर येई, "बरी हाय." झालं, फोन ठेवला.

"काकू, डोळं गेल्यालं सांगितलं का न्हाय मला?" त्यानं अंबूबाईला गाठून विचारलं.

"तिनंच शपथ घातलती की! आन् तू तरी कवा म्हणलास, अव्वाला बोलवा म्हणून?"

शशिधर खाली मान घालून जेवायला बसला.

"तिथं करतोस तरी काय रं तू?" आईनं विचारलं.

"विमानात रडार असतंय, अव्वा. आभाळात कोण कोण उडतंय, ते त्याला दिसतं. संगणक त्यांचा माग ठेवतो. पण गर्दी झाली की त्याला झेपत न्हाय. मग कुणाकडं आधी बघायचं, ते मी ठरवून देतो."

"म्हंजे जोतिबाच्या जत्रंतल्या बाईगत. पोरं चार आन् हात दोन!"

"तसंच की. जो वळतोय, अंगावर येतोय, त्याच्याकडं आधी. सरळ जाणाऱ्याकडं बघायचंच न्हाय. आता कुठं असंल त्याचा अंदाज धरायचा. पडद्यावर ठिपका आपला 'बरा हाय' म्हणत सरकत ऱ्हातो…"

घास हातातच राहिला.

"गप का झालास?"

एवढ्यात अंबूबाईची हाक आली, "शशी, बंगळूरचा फोन!"

साहेब चिडले होते. चाचणीच्या उड्डाणात गर्दी वाढली आणि सरळ जाणारं एक विमान मध्येच वळलं. पडद्यावरचा ठिपका मात्र सरळच जात राहिला. "नियम तुमचा आहे. आजच्या गाडीनं निघा."

"नियम बदला, साहेब. ज्याला जितका वेळ बघितलं नाही, तितका त्याचा नंबर वर घ्या. मी येणार नाही. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचंय."

"मग परत येऊच नका."

"बरं," शशिधर म्हणाला.

घरी आई ताटापुढं तशीच बसली होती. "जायाचं हाय न्हवं? दहीभात बांधून देती."

"न्हाय जात, अव्वा."

तिला खरं वाटलं नाही. हात पुढं करून तिनं त्याचा चेहरा धरला. बोटं सवयीनं केसांत शिरायला वर गेली आणि गुळगुळीत टाळूवर थबकली.

"केस कुठं गेलं रं?"

"कवाच गेलं."

 मग ती पुन्हा कपाळापासून, एखाद्या परक्या पावण्याला चाचपावं तशी, सावकाश हात फिरवू लागली.

बाबांनो, आता टाळ उचला. पण पहिला अभंग म्हणताना शिवगंगाबाईची तेवढी आठवण असू द्या.