एका वायरीवर सहा घरे

मित्रांनो, जिन्याच्या अगदी वरच्या टोकाला, गच्चीच्या दाराशेजारी करड्या रंगाचा एक पत्र्याचा डबा दिसला, तर तो मीच. आता मी जुना झालो आहे. कडांचा रंग उडाला आहे.

कारखान्यात माझ्या पोटात चिमुकले भाग बसवणाऱ्या बाईंचे हात फार हलके होते. पुढे एका वायरमनने मला इथल्या भिंतीवर ठोकले. गच्चीवरच्या छत्रीने आकाशातून कार्यक्रम झेलायचे आणि मी ते वाटायचे. घरे सहा, पण खाली उतरणारी वायर एकच! म्हणून प्रत्येक घराला माझ्याकडे एक क्रमांक होता. ज्या घरातून जे चॅनल मागितले जाई, ते मी त्याच घराच्या क्रमांकावर बसवून खाली धाडत असे. सुरुवातीला माझे खूप कौतुक झाले, मग सगळे मला विसरले. काम बिनबोभाट चालले की असेच होते.

तिसऱ्या क्रमांकाच्या घरात सुतारकाका राहत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हते. त्यांची मुलगी दूरच्या शहरात होती. रोज दुपारी तीन वाजता ती टीव्हीवर हातांच्या खुणांनी बातम्या सांगे. काकू जिन्यात कौतुकाने म्हणत, "बातम्या संपल्या की हे टीव्हीलाच खुणा करतात, जेवलीस का म्हणून!"

सहावे घर बरेच दिवस रिकामे होते. तिथे एक भाडेकरू आला आणि त्याने स्वतःच आपला टीव्ही जोडला. त्या दिवसापासून दुपारी काकांचे चित्र जाऊ लागले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. काका रंधा बाजूला ठेवून काळ्या पडद्यासमोर बसून राहत. त्यांचे जेवणावरून मन उडाले.

इमारतीचे सेक्रेटरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा डबा म्हातारा झालाय. द्या भंगारात!"

पण दुरुस्तीला आलेल्या वायरवाल्या ताई म्हणाल्या, "थांबा जरा. डबा बिघडला असता तर सगळ्यांचंच चित्र गेलं असतं." त्यांनी भाडेकरूला विचारले, "तुमच्या टीव्हीला नंबर कुठला दिलाय?"

"तीन. मला वाटलं, कुठलाही चालतो."

"अहो, तो काकांचा! एका खुर्चीत दोघं बसलात, तर दोघंही पडणारच."

"तरीच दुपारी माझाही टीव्ही सारखा रुसायचा!" भाडेकरू ओशाळला. ताईंनी त्याला सहा क्रमांक लावून दिला. तेवढ्यात तीन वाजले आणि खालून काकूंची हाक आली, "आली! आमची बाय आली!"

भाडेकरू काकूंकडून 'माफ करा'ची खूण शिकला आणि काकांपुढे उभा राहिला. ती त्याने इतकी वेडीवाकडी केली, की काकांना हसू आवरेना. त्यांनी त्याचे बोट धरून ती नीट करून दिली.

संध्याकाळी काका एकटेच वर आले. फुंकर मारून त्यांनी माझ्यावरची धूळ उडवली आणि तळहात माझ्यावर टेकवला. चालू असताना मी अगदी बारीक गुणगुणत असतो. इतक्या वर्षांत ते कुणालाच ऐकू आले नव्हते. काकांच्या हाताला मात्र ते कळले. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी एकदा तिच्यावर असा हात ठेवून बघाल ना?