याकोबच्या पायाचा नवस

याकोब चालला! गुरुवारी दुपारी, त्याच्याच अंगणात, मी कापून दिलेल्या बाभळीच्या काठीवर चार पावलं चालला. मी असा काही बोंबललो की माझी मेंढरं बिथरून शेजारच्या घासाच्या वावरात शिरली. शिरू द्या म्हणलं. पाचवं पाऊल टाकायच्या आत मी त्याला मिठी मारली, अन् दोघंबी पडता पडता वाचलो.

"सोड बे सटवा," तो म्हणला, "नीट झालेला पाय तूच मोडशील."

पौषात तो तेलगावकडं ऊसतोडीला गेलता. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होता अन् फळी सरकली. खाली हा, वर मोळी. मांडीचं हाड दोन जागी मोडलं, रक्त लई गेलं. डॉक्टर म्हणले, वाचला तरी चालंल का न्हाई ते सांगता येत न्हाई. घरी त्याची म्हातारी आई एकटी, म्हणून दवाखान्यात बावीस दिस मीच होतो. शुद्धीवर आल्या आल्या त्यानं काय मागावं? पाणी न्हाई, पवित्र शास्त्र! मला कुठं धड वाचता येतंय? मी एकेक अक्षर लावून वाचायचो, अन् हा डोळे मिटून माझ्या चुका काढायचा. सगळं पाठ हाय गड्याला. मग मला कावून छळतोस म्हणलं की हसायचा. घरी आणल्यावर दर रविवारी त्याला पाठकुळी घेऊन चर्चला न्यायचो, अन् उपासना सुटेस्तोवर बाहेर लिंबाखाली बसायचो.

तर तो चालला, ही बातमी मी गावभर सांगत सुटलो. घरी आलो तर माझी बायको साखराबाई चुलीपुढनं म्हणली, "अवो, मग नवस कवा फेडायचा?"

आपरेशनच्या दिशी मी भिंतीला डोकं टेकवून बोललो होतो, 'बिरोबा, याकोबला उभा कर. त्याच्या पायानं त्याला तुझ्या टेकडीवर आणीन अन् त्याच्या कपाळाला तुझा भंडारा लावीन.' बोललेला नवस फेडला न्हाई तर ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावरच उलटतो, असं आमी धनगरं मानतो. अन् याकोब? जत्रेतला प्रसादबी हात जोडून न्हाई म्हणणारा माणूस. तीस वर्षांच्या दोस्तीत मी कधी आग्रह केला न्हाई. अन् आता त्याचं कपाळच देवाला बोलून बसलो होतो!

शुक्रवारी जाऊन सांगून टाकलं. त्याचं तोंड लाल झालं.

"माझ्या कपाळाचा नवस? मला न विचारता? कावून बे?"

"बेशुद्ध होतास की! विचारू कसं?"

"सटवा, माझं कपाळ येशूचं हाय. तुझ्यासाठी जीव देईन, पण भंडारा लावणार न्हाई."

"अन् पाय परत गेला तर?"

"ज्यानं दिला तो सांभाळंल."

"मग मी बावीस दिस तिथं झक मारत होतो का?" मी ओरडलो अन् तरातरा निघून आलो.

राग त्याच्यावर थोडा, माझ्यावरच जास्त. डोळे मिटले की फळी सरकताना दिसायची. रविवारी त्याला न्यायला गेलोच न्हाई. गावालगतच्या बुटक्या टेकडीवर जाऊन बिरोबापुढं बसलो. म्हणलं, देवा, चूक माझी हाय. उलटायचं तर माझ्यावर उलट, त्याचा पाय सोड.

दुपार कलली तसा पुजारी धुळाजी बाहेरून ओरडला, "सटवा! आरं खाली बघ, खाली!"

बघतो तर काय! पांढरा सदरा, बगलेत पुस्तक, हातात बाभळीची काठी. याकोब टेकडी चढायलाय! मी धोतर सावरीत पळालो. अर्ध्या वाटेत गाठला, तर घामानं निथळत होता.

"बस पाठीवर!"

"हट! पायानं म्हणलातास ना? पायानंच येणार. हात लावू नको."

मग मी त्याच्या पुढं उलटा चालायला लागलो, दोन्ही हात पसरून. "हाण! अजून एक! शाब्बास रे वाघा!" वर धुळाजीनं ढोल काढला. थांबत, दम घेत, एकदा धोंड्यावर टेकत याकोब वर आला. देवळाच्या पायरीपाशी उभा राहिला. काठी थरथरत होती, पाय न्हाई.

"पायाचा शब्द राखला तुझा," तो म्हणला. "कपाळाचा राखता येत न्हाई. माझा नाइलाज हाय."

देवापुढच्या ताटातनं मी भंडाऱ्याची मूठ उचलली. मी देवाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, अन् ती मूठ माझ्याच कपाळाला फासली. "याकोबच्या वाटचा," म्हणलं. धुळाजी म्हणला, चालतंय. मला एकदम लई हलकं वाटलं अन् मी पोरावानी रडलो.

मग पायरीवर दोघं बसलो. "चुकलं बे माझं," मी म्हणलं, "न विचारता बोलायला नको होतं."

त्यानं बगलेतलं पुस्तक मांडीवर ठेवलं. "वीज पडून तुझी मेंढरं गेली त्या साली तू रोज विहिरीच्या कडंला जाऊन बसायचास. आठवतंय?"

"हां."

"तवापासून दर रविवारी तुझं नाव घेऊन प्रार्थना करतो. अकरा वर्षं झाली."

"मला न विचारता?"

"न विचारता."

"कावून बे?"

"विचारलं असतं तर न्हाई म्हणला असतास."

मला हसावं का त्याला हाणावं कळंना. भंडारा डोळ्यांत उतरला होता, तो सदऱ्यानं पुसला अन् त्याच्यापुढं वाकलो.

"बस पाठीवर. नवस चढायचा होता, उतरायचा न्हाई."

या खेपेला तो मुकाट्यानं बसला.