डावीकडे उतरणारं स्वयंपाकघर

लेकीच्या नव्या घरात मिस्त्रींनी स्वतः स्वयंपाकघराची फरशी बसवली, तेव्हा येईल त्याला ते चपला काढायला लावून तिच्यावरून चालवत. आपल्या कामाचा गर्व त्यांना होताच, आणि तो लपवण्याच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. मग सर्दी-तापाचं निमित्त झालं. एका सकाळी डोळे उघडले तर सारी खोली गरगर फिरतेय. पोटात पाण्याचा घोट टिकेना. बायको म्हणाली पित्त, शेजारी म्हणाले अशक्तपणा. औषधाच्या दुकानातून चक्करेच्या गोळ्या आल्या. गरगर थांबली, तसे मिस्त्री उठले आणि लेकीच्या घरी राहिलेल्या गॅलरीच्या कामाला लागले. पडून राहतील ते मिस्त्री कसले!

आणि मग त्यांना शोध लागला.

“अगं, तुझं स्वयंपाकघर डावीकडे उतरतंय.”

“बाबा, मला तर सरळ वाटतं.”

“तुला काय कळतंय? हे पाय फरशी ओळखतात.”

लेकीनं लेव्हलपट्टी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. मिस्त्रींनी पट्टीला शिव्या घातल्या आणि दुसरी विकत आणली. तीही तेच म्हणाली. तेव्हा हल्ली पट्ट्यांतही दम राहिला नाही असं जाहीर करून त्यांनी फरशी उखडायचं ठरवून टाकलं.

लेकीच्या लक्षात वेगळंच आलं होतं. बाबा रस्त्यानं चालतानाही डावीकडे कलत होते, आणि सगळे रस्ते काही बाबांनी बांधलेले नव्हते. तिनं त्यांना जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाई समोर उभ्या राहिल्या. “डोळे मिटा आणि जागच्या जागी पावलं टाका.”

मिस्त्रींनी ऐटीत पावलं टाकली. डोळे उघडले तर समोर औषधांचं कपाट.

“तुम्ही तिकडे कधी गेलात?”

“मी इथेच आहे. तुम्ही वळलात.”

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे माझे पाय खोटं बोलतात?”

“पाय नाही, कान. डोकं कुठे वळलं ते दोन्ही कान मेंदूला सांगत असतात. तापात तुमच्या डाव्या कानाची नस सुजली आणि तो गप्प झाला. तो पूर्ण सुधारेलच असं नाही. पण जे मिळतं त्यावर भागवायला मेंदूला शिकवता येतं. गोळ्या बंद करा, त्या त्याला सुस्त करतात. अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान हलवायची. मऊ गादीवर चालायचं. चक्कर आल्यासारखं वाटेल, तरी सोडायचं नाही.”

घरी रोज मान हलू लागली. “जन्मभर माझ्या प्रत्येक बोलण्यावर नकाराची मान हलवलीत,” बायको म्हणाली, “आता निदान औषध म्हणून हलवा.” मिस्त्री हसले, पण आतून ते घाबरले होते. पायांवरच भरवसा नसेल तर हातात थापी धरून करायचं काय? लेकीनं अजून उखडू दिली नव्हती ती फरशी बघायला जायचंही त्यांना धाडस होईना.

शेवटी एका दुपारी ते बायकोला घेऊन गेले. अनवाणी, सावकाश, स्वयंपाकघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले.

“सरळ आहे गं,” ते म्हणाले. लेकीचा जीव भांड्यात पडला. त्याच आनंदात ते गॅलरीत गेले आणि थबकले.

“इथे मात्र ढाळ उलटा आहे. पाणी घरात येईल.”

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. दुखणं उलटलं की काय? लेक बादली घेऊन आली आणि तिनं पाणी ओतलं. पाणी क्षणभर पसरलं, आणि मग निमूटपणे दाराकडे निघालं.

“ही गॅलरी मी अंथरुणातून उठल्या उठल्या केली होती,” मिस्त्री हळूच म्हणाले. मग एकदम ओरडले, “चुकलंय! साफ चुकलंय माझं!” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

लग्नापासून बायकोनं हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे टिपले.

“पुन्हा एकदा म्हणा बघू,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी पुन्हा म्हटलं, अगदी खणखणीत आवाजात.