वासराच्या कातड्यावरचा देव

माधवीचा फोन येणार म्हणून देवरावनं सकाळपासून अर्धा मोहल्ला अंगणात गोळा केला होता. नात इटलीत जुन्या पोथ्या दुरुस्त करते हे सांगताना म्हाताऱ्याची छाती अशी फुगे, की त्याची बायको बायनाबाई पदराआड हसे.

व्हिडिओ कॉल लागला आणि माधवीनं एका जुन्या पोथीचं पान दाखवलं. सोन्याचं आकाश, पंखवाले देवदूत, गव्हाणीत निजलेला बाळ येशू आणि त्याच्यावर मान वाकवून उभा बैल.

"अगाई! खरं सोनं हाये?" बायनाबाई ओरडली.

"खरंच, आजी. अन् हा कागद नाई, वासराचं कातडं आहे. आता तर मी स्वतःच कातडं तयार कराले शिकली. भिजवाचं, चौकटीवर ताणाचं, खरवडाचं..."

देवरावच्या हातून फोन सुटता सुटता राहिला. कातडं! छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर त्याच्या बापानं मेलेली ढोरं सोलायची सुरी वैनगंगेत भिरकावली होती. या घरातला हात पुन्हा कातड्याला लागणार नाही, असं लहानग्या देवरावकडून वदवून घेतलं होतं. त्या कामापायी गावानं त्यांना कधी विहिरीवर चढू दिलं नव्हतं. आणि एवढं शिकून सवरून पोरगी पोचली कुठं, तर तिथंच! तेही सगळ्या मोहल्ल्यासमोर.

"याच्यासाठी शिकवलं का तुले?" तो कडाडला. "फेक ते! आजच्या आज घरी ये!"

"आबाजी, ऐका तर..."

"काई ऐकत नाई!" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुले पाणी कोण देते तिथी?"

"म्हणजे?"

"तहान लागली तं. दुरून ओंजळीत ओतते का कोणी?"

"ओंजळीत काऊन ओतन? नळ आहे न. उलट सगळ्यायचा चहा मीच करतो." माधवी गोंधळून हसली. "असं काय विचारून राह्यले?"

तिला प्रश्नच कळला नव्हता. देवराव खरा हादरला तो इथं. कातडं तेच. तिकडे त्याच्यावर सोन्यानं देव काढला, आणि ते खरवडणारीच्या हातचा चहा सगळे पितात. मग आमच्याच हातानं पाणी काऊन बाटत होतं रे? त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रडता काऊन, आबाजी? येऊ का घरी?"

"नाई. तू कर तुहं काम. माह्या बापाले मी समजावतो." त्यानं नाक पुसलं. "फक्त उद्या चहा करशील, तं फोन लाव. ते लोक पेताना मले पाहू दे."