भिंतीवरचं नवं शेपूट

आयली कांगासच्या शिकारीच्या खोपटात भिंतभर शेपटं टांगलेली होती. हरणांची नव्हेत, माणसांची. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीनं कापायचा आणि नाव लिहून खिळ्याला टांगायचा, अशी मिशिगनच्या उत्तरेकडच्या त्या जंगलातली जुनी रीत. त्या कापडाला सगळे शेपूटच म्हणत. भिंतीवर आयलीचं एकही शेपूट नव्हतं, आणि हे ती कॉफीच्या दर कपाला ऐकवायची.

उद्या शिकार सुरू व्हायची होती. मुलगा रेनो सकाळीच बजावून गेला होता, की नातीनं, लेम्पीनं, संध्याकाळपर्यंत झाडाला टांगलेल्या टिनाच्या थाळीत गोळी घातली, तरच ती उद्या बंदूक घेऊन बसेल. नाहीतर यंदाही चुलीपाशी. नातीचं एक वर्ष गेलं असतं, दुसरं आलं असतं. आयलीचं तसं नव्हतं. नवऱ्यानं, आर्वोनं, दलदलीकाठी शिकारीला बसायला बांधलेल्या आडोशापर्यंत तिचे गुडघे यंदा कसेबसे जाणार होते. पुढच्या वर्षाची हमी तिनं गुडघ्यांकडे मागितलीच नव्हती. तो वारल्यापासून आडोशातल्या फळकुटावर तिच्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिथं तिला लेम्पी हवी होती, रेनोसारखा बडबड्या नको.

पण लेम्पीची गोळी दर खेपेला थाळीखालच्या मातीत.

आयलीनं बंदूक मागून घेतली, पाठ फिरवली, काहीतरी खुडबुड केली आणि पोरीच्या हाती परत दिली. लेम्पीनं चाप ओढला. नुसतं खट्ट वाजलं. आत आयलीनं आधीच झाडलेली, रिकामी पुंगळी घातली होती. पण आवाज व्हायच्या आधीच नळीनं कोंबडीसारखी मान खाली टाकली होती.

"बघितलंस? बंदूक खांद्याला लाथ मारेल म्हणून तूच आधी दचकतेस. हरीण मरायचं राहिलं, गांडुळं मेली."

लेम्पीचं तोंड एवढंसं झालं. ती भिंतीला भीत होती. चुलतभावांनी तिच्या नावाचा खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

आयली जवळ टेकली. लग्नाच्या वर्षी आर्वोनं तिला असंच फसवलं होतं, याच झिजलेल्या दस्त्याच्या बंदुकीनं. ती चिडून दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती, आणि तो मात्र वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून गालात हसत बसला होता. श्वास अर्धा सोड, चाप ओढू नकोस, लिंबासारखा पिळ, असं तो म्हणायचा. त्याच्या गालाला तेव्हा बंदुकीच्या तेलाचा वास यायचा.

"मुम्मू, तूच एकदा दाखव ना," लेम्पी म्हणाली. आजीला ती मुम्मूच म्हणायची. बंदूक तिनंच भरून दिली.

आयलीनं गाल दस्त्याला टेकवला, श्वास अर्धा सोडला, चाप पिळला.

खट्ट.

आणि नळी खाली गेली. थोडी नव्हे, चांगली वीतभर.

 आयली नळीकडे बघत राहिली. खांदा दुखायला लागल्यापासून तो आपल्याला न विचारता दचकतो, हे तिला आज कळत होतं. पोरीनं तीच रिकामी पुंगळी बाहेर काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"मुम्मू, कात्री कुठंय?"

"शिकवलं मी, आणि शेपूट माझंच कापतेस, भवाने?"

"नेम चुकला की कापायचं. रीत तुझीच."

आयली इतकी हसली की तिला झाडाला धरावं लागलं. मग निमूट पाठ वळवून उभी राहिली. लाल फ्लॅनेलचा घोळ टरकन कापला गेला. आता भिंतीवर आजीच असणार, तर भ्यायचं कशाला? लेम्पी हसत हसतच खरी गोळी भरून पालथी पडली, श्वास अर्धा सोडला. थाळी ठण्णकन वाजली. रेनो हातातली लाकडं टाकून खोपटामागून आला, तेव्हा थाळी दोरीवर अजून गरगरत होती.

पहाटे दोघी आर्वोच्या फळकुटावर बसल्या. बंदूक लेम्पीच्या मांडीवर होती. कापलेल्या शर्टातून गार वारा आयलीच्या कमरेला झोंबत होता. खोपटात आर्वोच्या निळ्या चौकड्याच्या शेपटाशेजारी तिचं लाल शेपूट टांगलं होतं, पोरांनी लेम्पीसाठी ठोकलेल्या खिळ्याला. आयलीनं कोट ओढून घेतला आणि नातीला थोडं जवळ घेतलं.