दगडाबाईची सावड

वस्तीवर मतं सत्त्याऐंशी आणि पक्ष दोन, त्यामुळं यंदाच्या लोकसभेत कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. सुपे आणि मोरगावच्या मधल्या माळावरची ही वस्ती. अर्धी कपबशी निशाणीच्या बाजूनं, अर्धी कढईच्या. कढईवाल्या सर्जेराव तात्यांनी दोन महिने कपबशीला हात लावला नव्हता. ते चहा तांब्यातून प्यायचे आणि रोज ओठ भाजून घ्यायचे. कपबशीवाल्या जोतीराम आबांनी घरातली कढई माळ्यावर टाकली होती. जावई आला तरी त्याला भजी मिळाली नाहीत. बिचाऱ्याला भाजलेला पापड देऊन वाटेला लावलं.

दगडाबाई हे सगळं लांबून बघायची. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण त्यात नवीन काही नव्हतं.

या माळावर पैशापेक्षा सावड मोठी. आज मी तुझ्या काढणीला यायचं, उद्या तू माझ्या. ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो आणि दोघांची रानं नांगरून होतात. नवरा सावळाराम होता तोवर दगडाबाईही सावडीत होती. तो गेला त्याला बारा वर्षं झाली. बैल विकला, आणि लोक म्हणाले, एकट्या बाईमाणसाशी कसली सावड? मग तिला रोजानं बोलवायला लागले. पैसे वेळेवर मिळायचे, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण गेल्या पावसात तिच्या रानाचा दगडी बांध फुटला, माती ओढ्यात गेली, आणि एकही माणूस पाटी घेऊन आला नाही, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं. तिनं एकटीनं रचलेले दगड दुसऱ्या दिवशी ढासळायचे. पाऊस महिन्यावर आला होता. या खेपेला उरलेली मातीही जाणार होती.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं दोन्ही पक्ष हातघाईवर आले. तेवढ्यात जोतीराम आबांनी मतदारयादी मागवली आणि बोट ठेवून मोजली. त्रेचाळीस इकडं, त्रेचाळीस तिकडं.

"मंग उन्हातान्हात कशाला मरायचं?" आबा म्हणाले. "तुमचं एक, आमचं एक. दोघंबी घरी बसू. मताची सावड करू."

"आन तुमचा एखादा गुपचूप पळाला म्हंजी?" तात्यांनी विचारलं.

"जोडीजोडीनं बसायचं. सातपासनं सहापतुर एकमेकाच्या नजरंम्होरं."

हे सगळ्यांना पटलं. भरवसा कुणाचा कुणावर नव्हता, पण सावड मोडणारा माणूस या वस्तीत अजून जन्मला नव्हता. भराभर जोड्या लागल्या. काही घरांत तर नवरा-बायकोचीच लागली. आबा आणि तात्या एकमेकांच्या वाट्याला आले. आणि यादीत एक नाव उरलं.

"दगडाबाई, तू कुणाची गं?" आबांनी विचारलं.

सत्तर वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तिनं पदर नीट केला.

"मी न्हाय सांगायची."

दोन्ही पक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. बाकी सगळे घरी बसले आणि ही एकटी जाऊन आली, तर सगळ्या वस्तीचा कौल हिच्या एका बोटावर जाणार!

"तू बी घरी बस की," तात्या काकुळतीला आले.

"बसते. पर माझी सावड कुनासंगं?"

आता मोकळं कुणीच नव्हतं. शेवटी आबांनी आणि तात्यांनी तिला आपल्यातच तिसरी म्हणून घ्यायचं ठरवलं.

"सावड म्हनलं की काम आलं," दगडाबाई म्हणाली. "माझ्या बांधावर बसायचं, आन रिकामं न्हाय बसायचं. मी दिसाला दीस फेडीन, भिऊ नगा."

सकाळी सात वाजता दोघं म्हातारे तिच्या रानात हजर झाले. आबांनी एक दगड उचलून ठेवला. ते बघून तात्यांनी त्याहून मोठा उचलला. पलीकडच्या ओसरीवर एक कढईवाला आपल्या जोडीदाराच्या तोंडाकडं बघून कंटाळला होता. त्याला दिसलं, आबांचे पाच दगड झाले आणि तात्यांचे तीनच. पक्षाची अब्रू जायची वेळ आली, म्हणून तो धावत आला. तो आला म्हणजे त्याच्या कपबशीवाल्याला यावंच लागलं. मग त्या कपबशीवाल्याची मेहनत बघून आणखी एक कढईवाला आला. नियमच असा होता की एक हलला की दोन हलायचे. अकरा वाजेपर्यंत सगळी वस्ती बांधावर होती.

एक थर कपबशीचा, त्यावर एक थर कढईचा. एकमेकांचं काम सगळे इतकं कसून तपासत होते की एक दगड हलायची सोय नव्हती. दुपारी भूक अनावर झाली तेव्हा आबांनी स्वतः माळ्यावरची कढई काढायला लावली आणि पिठलं झालं. चहा कपबशीतून आला. तात्यांनी डोळे मिटून प्यायला.

तिकडं हाकेच्या अंतरावर शाळेत मतदान केंद्र होतं. इंदापूरच्या दीप्ती मॅडम तिथल्या प्रमुख. दर दोन तासांनी त्या वरती आकडा कळवायच्या, शून्य. वरचे साहेब म्हणायचे, मॅडम, नीट बघून सांगा.

साडेपाचला शेवटचा दगड बसला. दगडाबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधावरून चालत गेली. तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. मग तिची नजर शाळेकडं गेली आणि तिला आठवलं, दर निवडणुकीला त्या कर्मचाऱ्यांना वस्तीवरून जेवण जातं. आज सगळेच विसरले होते. तिनं भाकरी फडक्यात बांधल्या, ताकाची किटली उचलली आणि तरातरा शाळेकडं निघाली.

"आरं, म्हातारी चालली! मत टाकाया चालली!" तात्या ओरडले.

कशाला चाललीस, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. शहाऐंशी माणसं तिच्या मागं पळत सुटली, आणि पळताना प्रत्येकाचा एक डोळा आपल्या जोडीदारावर होता. फाटकाशी कढईचा एकजण चुकून रांगेत ढकलला गेला. त्याला बघून त्याचा कपबशीवाला उभा राहिला. मग काय, बघता बघता सगळी वस्ती रांगेत! दिवसभर माणसाचं तोंड न बघितलेल्या दीप्ती मॅडमनी, सहानंतरही मत देता यावं म्हणून, घाईघाईनं सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. ओळखपत्रं आणायला कुणाला घरी जावं लागलं नाही. सावडीवर विश्वास होताच, तरी सगळ्यांनी ती सकाळपासून खिशात आणि कनवटीला ठेवली होती.

दगडाबाईनं जेवण टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर पायरीवर टेकली.

"आजी, यादीत तुमचं एकच नाव राहिलंय," दीप्ती मॅडम म्हणाल्या. "सहाला दोन मिनिटं आहेत. उभ्या राहा ना."

दगडाबाईनं एकदा आत बघितलं. तिनं आजवर एकही निवडणूक चुकवली नव्हती, त्यामुळं जिवाला चुटपूट लागलीच.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "मी सावडीत हाय."

रांगेतली शहाऐंशी माणसं आपापल्या पायाकडं बघायला लागली. पण रांग मोडून घरी मात्र कुणी गेलं नाही, कारण समोरचा जात नव्हता.

मतदान संपायला सव्वासात वाजले. आबा आणि तात्या शाईचं बोट मुठीत लपवून बाहेर आले आणि तिच्यापुढं उभे राहिले.

"कुनाकडं येऊ पयल्यांदा फेडायला?" तिनं विचारलं.

"आमी मोडली गं सावड," आबा खाली मान घालून म्हणाले. "तू कशाला येतीस आता?"

"बांध घातला न्हवं तुमी? त्यो हाय की तितं. सांगा, कुनाकडं?"

"माझ्याकडं ये," आबा म्हणाले.

"तुझ्याकडं का म्हनून?" तात्या उसळले. "माझं दगड जास्त हायती!"

"तुझं कशानं जास्त? मोजलं का?"

मागून आणखी जोड्या आल्या आणि त्याही यात पडल्या. आधी आमच्याकडं, न्हाय आमच्याकडं. बारा वर्षांनी वस्ती तिच्यावरून भांडत होती. दगडाबाई पायरीवर निवांत बसून ऐकत राहिली.