काठोकाठ पेला

लिफ्ट एकसारख्या वेगाने जात असली की माणसाला काही कळत नाही. वेग बदलला की कळतं. पोटात गोळा येतो, गुडघे लचकतात. लोक सगळ्यालाच वेग म्हणतात, पुस्तकात त्या बदलाला त्वरण म्हणतात. तेवीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतोय. काम झालं की तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन लिफ्टने सगळे मजले चढतो. थेंब सांडला की त्वरणाची सेटिंग कमी करायची, बास. माझा मेहुणा खदाखदा हसायचा. "दाजी, लिफ्टला पाणी पाजताय का?" त्याला हाताखाली घेतलं मीच, आता बोलणार कोणाला!

एका आठ मजली इमारतीच्या मालकाला लिफ्ट 'फास्ट' हवी होती. अहो, मोटर तीच, वेग वाढणार कुठून? सुटताना-थांबतानाचा झटका तेवढा वाढवता आला असता. मी साफ नाही म्हटलं. सहाव्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाई काठी टेकत येतात. मालकाने तोंड वाकडं केलं, मला वाटलं विषय संपला.

सोमवारी लिफ्ट सुटली आणि बाई आतच पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मशीनच्या नोंदीत दिसलं, रविवारी दुपारी त्वरण दुप्पट केलेलं, माझा कोड टाकून.

"कोड तुमचाच ना?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं. माझाच. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दाजी हल्ली जरा घाईतच असतात."

साहेबांनी उद्यापर्यंत लेखी उत्तर मागितलं, नाहीतर परवाना रद्द. बाहेर येताच मी त्याची कॉलर धरली. "हरामखोरा, कोड कुठून आणलास?" मला काही झालं तर असावा म्हणून तो मी एकाच माणसाला सांगितला होता.

"ताईनं दिला," तो पुटपुटला. "मालक मला सगळ्या इमारतींचं काम देणार होता. ती म्हणाली, हे कशालाच हो म्हणत नाहीत, तू कर आणि मोकळा हो."

घरी पोचलो. बायकोला सगळं आधीच कळलं होतं. "तुमची कामाची दोन-चार वर्षंच राहिलीत," ती म्हणाली. "त्याचं आत्ता कुठे सुरू होतंय. चूक तुमच्याच हातून झाली असं लिहून द्या ना."

आणि तिने रोजच्यासारखा पेला पुढे केला, काठोकाठ. मी हातात घेतला, आणि निम्मं पाणी लादीवर सांडलं.

"अहो, जपून," ती म्हणाली, आणि फडकं आणायला गेली.